काळी चकती

१२ फेब्रुवारी २०५१, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. शाल्मलीला पाहायला आलेली माणसे सात. पोहे खाता खाता मुलाच्या आत्याने नव्या रिवाजाप्रमाणे तेलकट हातांनीच तिच्या पाठीवरून स्कॅनर फिरवला, बैल पारखावा तसा. भिंतीवर शाल्मलीचा कणा उमटला.

"मणक्यांमधली एक चकती झिजून काळी पडलीय. ही घरात काय उचलणार?"

"मी इस्पितळात रोज रुग्ण उचलते. पाठ कधीच दुखली नाही."

"मग मशीन खोटं बोलतं होय गं?"

शाल्मलीने स्कॅनर घेऊन मुलाच्या पाठीला लावला. तीन चकत्या काळ्या दिसल्या.

"तुमची दुखते?"

"छे, कधीच नाही," तो पुटपुटला.

"पुरुषाची पाठ कोण बघतं!" आत्या घास चावत म्हणाली.

शाल्मलीला शिसारी आली. तिने अर्धवट खाल्लेल्या पोह्यांच्या बश्या उचलल्या. काळ्या चकत्या तिची एक, त्याच्या तीन; नकार एक, शाल्मलीचा.