काशीला सोडलेलं

नरहरपंतांनी पिशवीतली कारली ओट्यावर ओतली. "आज हीच कर."

"बरं," म्हणून कुमुदताई चिरायला बसल्या.

या 'बरं'मध्ये पंत दोन वर्षं कोंडले गेले होते. काशीला गेल्यावर आपली आवडती वस्तू कायमची सोडायची असते. पंतांनी हुशारीने कारलं सोडलं, जे त्यांनी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. आपण काय सोडलं, ते कुमुदताईंनी सांगितलं नाही. घरी आल्यावर कळलं. त्यांनी खरोखरच आवडीचं सोडलं होतं, नवऱ्याशी भांडणं. पंखा कितीवर ठेवायचा इथपासून मत कुणाला द्यायचं इथपर्यंत, सगळ्याला 'बरं'. पहिला महिना पंतांना स्वर्ग वाटला. आता एकट्याने कॅरम खेळल्यासारखं जिंकून जिंकून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

देवाला दिलेला शब्द डोळ्यांदेखत मोडला, तर ही नक्की तोंड सोडेल, असा पंतांचा डाव होता. पानावर बसून त्यांनी कडू घास तिच्याकडे बघत सावकाश गिळला.

कुमुदताईंनी तोंड उघडलं. चाळीस वर्षांची सगळी शस्त्रं दातांपर्यंत आली. पंतांनी आशेने मान पुढे केली.

कुमुदताईंनी ती शस्त्रं गिळली आणि भाजीचं पातेलं पुढे ओढलं.

"वाढू अजून?"