टॉर्किलची शंका

तारण कोणाचे व्हायचे हे देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच ठरविले आहे, अशी ज्यांची अढळ श्रद्धा असते, त्यांनाही दर वर्षी कोणासाठी तरी दार उघडावे किंवा लावावे लागते. आणि हे काम निर्भयपणे करता येईल असा मनुष्य अद्याप जन्मलेला नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या ख्रिस्ती देवळामागील खोलीत मंडळीचा कारभार पाहणारे वडीलमंडळ बसले होते. मेजावर शिशाच्या बिल्ल्यांची पिशवी होती. ज्याच्यापाशी बिल्ला, तोच उद्या भोजनास बसणार. इतरांनी मागच्या बाकांवरून पाहायचे. प्रथमच बिल्ला मागणाऱ्याने मंडळासमोर उभे राहायचे, आणि एकाही वडिलाचा आक्षेप उरला तर रिकाम्या हाताने परतायचे, असा नियम होता.

दार उघडून इफी आत आली आणि टॉर्किल मॅकॉलेने पिशवीवरचा हात काढून घेतला. तो मंडळातील सर्वांत जुना वडील. इफी त्याची बायको. एकतीस वर्षे तिने भोजनाच्या पर्वात परगावच्या पाहुण्यांना घरी जेवू घातले होते, आणि एकतीस वर्षे ती मागच्या बाकावर बसली होती. मला अजून देवाचे पाचारण आले नाही, असे ती म्हणे. आज येथे येणार असल्याचे तिने घरी अवाक्षरानेही सांगितले नव्हते.

यंदाच का? टॉर्किलच्या मनात शंका उभी राहिली. मार्च महिन्यात डॉक्टरने त्याच्या हृदयाविषयी जे सांगितले, ते तिनेही ऐकले होते. ही देवासाठी आलेली नाही, माझ्यासाठी आली आहे. नवरा स्वर्गात जाईल आणि आपण कायमच्या बाहेर राहू, या भयाने आली आहे. अशा मनाने त्या भाकरीला हात लावणे म्हणजे आपल्या आत्म्यावर दंड ओढवून घेणे.

"इफीबाई, पाचारण केव्हा आलं?" देवळाचे पाळक मॅकस्वीन यांनी हळुवारपणे विचारले.

"दिवस-वार नाही सांगता यायचा, पाळकसाहेब. मी बटाटे सोलत होते."

मंडळाची नोंदवही लिहिणाऱ्या नील विणकराने मिशीतल्या मिशीत हसू दाबले.

"ही थट्टेची जागा नव्हे," टॉर्किल म्हणाला. "तुम्ही इथे देवाच्या ओढीनं आलात, की नवऱ्याच्या?"

"तुम्ही?" इफीने त्याच्याकडे पाहिले. "सकाळी मोजे सापडत नव्हते तेव्हा तर 'तू' होते मी."

नीलला खोकल्याची उबळ आली.

"उत्तर द्या."

"देते. आधी तुझ्याच ओढीनं आले. खोटं कशाला बोलू? तू मेजाशी आणि मी भिंतीशी, हे एवढी वर्षं पाहिलं. यंदा पाहवेना. पण टॉर्किल, तुला तरी मी कुठे निवडलं होतं? मला हवा होता तो कॅनडाला गेला. तुझ्या आत्यानं मध्ये पडून आपलं जमवलं. सगळं देवानं आधीच ठरवलंय, असं रोज संध्याकाळी शास्त्र वाचून तूच सांगतोस. मग मला ओढायला त्यानं कसली दोरी वापरायची, हे तू का ठरवतोस?"

"माणसाची ओढ वेगळी, देवाची वेगळी."

"असेल. मला त्या दोन्ही निवडून वेगळ्या काढता येत नाहीत. आणि खरं सांगू? बोलावणं आलं नाही, बोलावणं आलं नाही, म्हणत बसले. आता मला माझाच संशय येतो. बोलावणं येत होतं आणि ते ऐकू येऊ नये म्हणून मी पातेली आपटत होते, असं तर नसेल?"



"वडील मॅकॉले," पाळक म्हणाले, "नियम तुम्हांला ठाऊक आहे. तुम्हांला शंका आहे?"

"आहे."

इफीची मान खाली गेली. त्या झुकलेल्या मानेकडे पाहता पाहता टॉर्किलची शंका मागे फिरली आणि त्याच्यावरच उलटली. हिला नाकारतो आहे ते हिच्या आत्म्याच्या काळजीने, की वडिलाने घरच्याच माणसाला बिल्ला दिला असे गाव म्हणेल, या धास्तीने? तरुणपणी याच खोलीत त्याने आपल्या पाचारणाची हकीकत सांगितली होती. दिवस, घटका, शास्त्रातले वचन, सारे नीटनेटके. आता आठवताना ते फारच नीटनेटके वाटले.

"शंका आहे," तो पुन्हा म्हणाला, "पण ती कोणाविषयी, हे मला सांगता येत नाही."

"मग मी लिहू काय?" नीलने लेखणी उचलली.

"काही लिहू नका," पाळक म्हणाले. "कोणाविषयी ते सांगता येत नाही, तो आक्षेप होत नाही."

टॉर्किलने पिशवीतून एक बिल्ला काढून इफीच्या तळहातावर ठेवला. तिची बोटे लगेच मिटली. फारच लगेच, असे त्याला वाटून गेले.

"लवकर ये," दाराशी ती म्हणाली. "नेसहून अकरा पाहुणे आलेत. त्यातला एक तर दोघांचं जेवतो."

खिडकीतून तो तिला पाहत राहिला. ती वाऱ्याला तोंड देत भरभर चालली होती. नवरीही अशी चालते आणि चोरही. तिचे चालणे कोणते, हे त्याला इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही ओळखता येईना.

ज्या देवाने त्या दोघांना एका छपराखाली आणले, तो त्यांना एका मेजाशी बसवो. आणि शंका घेणाऱ्यासाठीही तेथे एक जागा राखून ठेवो.