तंतूंची साक्ष

"पत्रिका राहू द्या, आधी मुलीचा हात याखाली ठेवा," मुलाचे वडील दामोदरराव सोबत आणलेलं यंत्र पुढे सरकवत गुरकावले. "हल्ली दुखणाईत पोरी गळ्यात मारतात."

रेवतीने दातओठ खात हात ठेवला. प्रकाश लुकलुकला, त्याने मांसात उठवलेला सूक्ष्म आवाज यंत्राने ऐकला आणि पडद्यावर तिचे स्नायुतंतू विंचरलेल्या केसांसारखे सरळ उमटले.

"आता मुलाचा हात," ती म्हणाली.

"आमच्या घराण्यावर संशय?" दामोदरराव उसळले.

तेवढ्यात मुलाच्या आईने मुकाट्याने आपलाच हात यंत्राखाली सारला. तिचे तंतू जागोजागी तुटून वेडेवाकडे सांधले होते, वर्षानुवर्षं मार अडवणाऱ्या हाताचे असावेत तसे.

दामोदररावांनी वायर उपटली.

"मुलगा बापावर गेलाय, पोरी," आई म्हणाली. "आम्हाला वाटेला लाव."