चुका पोटात घालणारी

“घाई नको रे, ढब्या. चेंडू काही पळून जात नाही.”

ओठांवर मिसरूडही फुटली नव्हती तेव्हाचा दादाचा हा आवाज. गोल्फच्या दुकानात धाकट्याला तो आज आठवला, कारण समोर दादाच घाई करत होता.

मागच्या खोलीत जाळी ताणलेली. दादाने आपली जुनी तीन नंबरची वुड फिरवली, गवतावरून लांब मारायची, ताठ दांड्याची गोल्फची काठी. शाळेला निघालेल्या नाखूश पोरासारखा चेंडू जाळीपर्यंत घरंगळत गेला.

“चटई बेकार आहे,” दादा म्हणाला.

धाकट्याने दुसरा चेंडू चटईवर ठेवला. परवाच दादाने फोनवर सांगून टाकलं होतं, बॅग माळ्यावर टाकतोय, रविवारी तू एकटाच जात जा. म्हणून तर त्याला खोटं सांगून इथं आणलं होतं: नवी वुड मला घ्यायचीय, तुझी नजर हवी.

दुकानातल्या बाईंनी सात नंबरची वुड पुढे केली. “हात सावकाश फिरत असेल तर ही बघा. दांडा हलका, जरा लवणारा. तोंड आभाळाकडे. फटका इकडेतिकडे लागला तरी चुका पोटात घालते.”

“आईच म्हणा की!” दादा हसला. “म्हातारा झालास रे ढब्या. सात नंबर?”

“झालो. तू मारून दाखव, मग घेतो.”

दादाने मारला. पाखरू उठावं तसा चेंडू अलगद उठला नि जाळीत उंच जाऊन विसावला. दुसराही उठला.

मग दादा बाकावर बसला. धाप लागली होती. वुड मात्र त्याने खाली ठेवली नाही. मांडीवर आडवी घेतली.

“हीच द्या,” धाकटा म्हणाला.

“कुणाला?”

“मला.”

“गप रे. तुझा चेंडू अजून मैदानातलं तळं ओलांडतो. मला काय दिसत नाही?”

बाई खोका आणायला आत गेल्या. दादा उजवा खांदा चोळत राहिला. बराच वेळ.

“रविवारी मला न्यायला जरा उशिरा ये,” तो म्हणाला.

“का रे?”

दादाने जाळीकडे पाहिलं.

“शर्टाची बटणं तुझी वहिनी लावून देते. उन्हाळ्यापासून.”