लाल दिवा

"दिवा गेला बघ! बिघडला तुझा फ्रायर," वड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं कढईपुढे उभ्या राहिलेल्या गोदाक्का सुनेवर खेकसल्या. "आजच परत कर."

"आई, बटण एकशेऐंशीवर आहे. तेवढं तेल तापलं की वीज आपोआप बंद होते, निवायला लागलं की पुन्हा सुरू."

गोदाक्कांना पटलं नाही. दिवा पुन्हा लागून विझला, तशी त्यांनी नेहमीसारखा पिठाचा थेंब तेलात सोडला. तो तडतडत अलगद वर आला. पुढच्या वेळीही तसाच, तिसऱ्यांदाही तसाच.

"अगं बाई! मला शिकायला दोन वर्षं लागली, हा शिकूनच आलाय की!" त्या खळखळून हसल्या.

पहिला घाणा निघाला. "बघ रे बाबा तेलाकडे," असं फ्रायरलाच सांगून त्यांनी स्टूल ओढलं, आणि चाळीस वर्षांत प्रथमच दुकानातला वडा बसून, गरमागरम खाल्ला.