बयाबाईचा गुन्हा

“उचल तिला,” फौजदार उदयसिंह म्हणाले.

शिपाई विश्वजित जागचा हलला नाही. पोलीस दारात दिसताच बाकीच्या बायका चपला हातात घेऊन जिना उतरल्या होत्या. खोलीत दोघीच उरल्या होत्या. शेजारीण तापानं फणफणलेली पोर मांडीवर घेऊन बसली होती आणि बयाबाई पोरीच्या कपाळावर हात ठेवून डोळे मिटून प्रार्थना करत होती. फौजदारांचा आवाज तिनं ऐकला असणारच. ओठ तेवढे हलत राहिले.

खाली गल्लीत हंबीरराव आणि त्यांची माणसं मोबाइल वर धरून उभी होती. तक्रार त्यांचीच होती. म्हातारी आजारी माणसं गोळा करते, आमिष दाखवते, धर्म बदलायला लावते. खोलीत आमिष म्हणावं असं काही नव्हतं. एक लोखंडी पलंग, एक शेगडी, भिंतीवर लाकडी क्रूस. तो क्रूस टांगायचा खिळा विश्वजितनंच ठोकला होता. बयाबाई त्याची आई होती.

ठाण्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भरती झाल्यावर पहिल्याच ठाण्यात मिशनवाल्यांची टिंगल चालली होती आणि तो सगळ्यांबरोबर हसला होता. एकदा हसल्यावर मग पुढं सांगायचं कसं? वडील गेले, आई मलकापूर सोडून कोल्हापूरला आली, तेव्हा पोलीस लाइनीतल्या आपल्या घरी न नेता त्यानं तिला ही भाड्याची खोली बघून दिली. भेटायला यायचा तो साध्या कपड्यांत. हेल्मेट न काढताच जिना चढायचा. आईनं कधी एका शब्दानं विचारलं नाही.

आता त्याला तिचाच राग येत होता. देवाला हाक मनातल्या मनात मारता येत नाही का हिला? पोर आजारी आहे तर दवाखान्यात ने म्हणायचं, दार लावून घ्यायचं. मग त्याला आठवलं, पोरीला दवाखान्यात न्यायला तिनंच लावलं होतं. औषधाची बाटली तिथंच उशाशी होती. त्यामुळं त्याचा राग आणखी वाढला.

“कानात काय कोंबलंय काय?” फौजदार ओरडले. “बाई पोलीस बंदोबस्ताला गेल्यात. तूच उचल.”

विश्वजित पुढं झाला. बयाबाईनं आमेन म्हटलं आणि डोळे उघडले. समोर वर्दीतला मुलगा होता. तिचा चेहरा जरासा हलला, लगेच स्थिर झाला.

“हात लावू नगा पावणं,” ती म्हणाली. “माझी मी उठते.”

पावणं. वाट चुकलेल्या परक्या माणसाला म्हणावं तसं. विश्वजित तिच्या मागून जिना उतरला.

ठाण्यात फौजदारांनी आधी समजुतीचा सूर लावला. घरात पुन्हा कुणाला जमवणार नाही, प्रार्थना करणार नाही, एवढं सगळ्यांसमोर बोल आणि घरी जा, असं त्यांनी सांगितलं. बयाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. सरकार देवानंच नेमलंय, म्हणून तिला सरकारचा मान आहे, असं ती म्हणाली. चल म्हटल्यावर ती आली होती. बस म्हणाल तोवर ती बसणार होती. कोठडीत घातलं तर तिथंही जाणार होती. पण कुणी प्रार्थना कर म्हणून दारात आलं तर त्याला परत पाठवायचं, हा हुकूम देणं सरकारच्या हातात नाही, असंही तिनं सांगितलं. असा कायदा असेल तर दाखवा, म्हणाली.

फौजदारांनी टेबलावर हात आपटला. दाखवायला कायदा नव्हता, म्हणून हात जोरात आपटला. हिला शहाणपण शिकवणारं घरात कोण आहे, त्याला बोलावून घ्या, असं ते म्हणाले. नवरा? नवरा वारला होता.

“आणि मुलगा?”

“न्हाय,” बयाबाई म्हणाली.

विश्वजित दाराशी उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. लहानपणी त्याचं अर्ध्या तिकिटाचं वय संपलं, तेव्हा कंडक्टरनं न विचारताच तिनं एसटीत त्याचं पूर्ण तिकीट मागितलं होतं. सरकारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, हे त्याला तिनंच शिकवलं होतं. पोलिसात जा, असंही तिनंच सांगितलं होतं. त्याच बाईनं आज त्याचं गुपित राखायला पोटचा पोरगा पुसून टाकला होता.

मागोमाग ठाण्यात आलेले हंबीरराव बाकावरून म्हणाले, “सोत्ताला पोरगं न्हाय, म्हणून दुसऱ्याची पोरं ओढाय लागलीया ही.”

दोघं-तिघं हसले. शेजारी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला, अगदी विश्वजित पूर्वी हसला होता तसाच. सकाळपासून कुणाकुणावर उसळणारा राग विश्वजितच्या छातीत एकदम गोळा झाला. त्या रागाचा खरा धनी आपणच आहोत, हे त्याला कळलं.

“साहेब, पोरगं हाय तिला,” तो म्हणाला. “मी हाय.”

हसणं थांबलं. फौजदारांनी त्याच्या छातीवरची पाटी वाचली, जणू माणूस आजच रुजू झाला होता. मग त्यांनी बयाबाईला विचारलं, हा म्हणतोय ते खरं का?

इतका वेळ कोरड्या राहिलेल्या तिच्या डोळ्यांतून आता पाणी वाहू लागलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि फौजदारांपुढं हात जोडून उभी राहिली.

“व्हय साहेब, माझाच ल्योक हाय. मगाशी मी सरकारपुढं खोटं बोलले. त्यो गुन्हा मी केलाय, त्याची शिक्षा द्या. प्रार्थनेची देऊ नगा.”