चाफ्याखालची कबर

“ही कबर तुमच्या माहितीपत्रकात आहे, पण जमिनीच्या नकाशात नाही,” जागा बघायला आलेले पाक हेंद्रो, म्हणजे हेंद्रोसाहेब, म्हणाले आणि चिखलात रुतलेला बूट त्यांनी ओढून काढला.

ग्रामसेवक विनार्दीने घाईघाईने मोबाइल पुढे केला. वातुलेगी गावाची ही ओळख त्यानेच लिहून इंटरनेटवर टाकली होती, पाहुण्यांसाठी आणि जागा घेणाऱ्यांसाठी. तीन झरे, आठशे बारा माणसं, थंड हवा, मशिदीच्या पायरीवर फोनला रेंज, झऱ्यालगत एक जागा विक्रीला. शेवटची ओळ होती, ‘चाफ्याखाली प्राचीन सिद्धपुरुषाची कबर.’

“पर्यटकांना असलं आवडतं, साहेब.”

“त्यांना आवडेल हो. मला इथे बंगले बांधायचेत.”

सुमियातबाई, गावच्या बोलीत बू सुमियात, बांधावर उभी होती. विनार्दी या गावात बदलून आल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. चाफ्याखाली वाहिलेल्या गुलाबाच्या पाकळ्या पाहून त्याने ती ओळ लिहिली, तेव्हा तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

जमीन तिची आणि सुराबायात राहणाऱ्या धाकट्या भावाची, दोघांच्या नावावर. भावाला ती विकायची होती. त्याला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं. घेणाराच नको म्हणाला, तर गोष्ट वेगळी. पहाटे भाताचा शेवटचा घास गिळताना तिने अल्लाकडे एवढंच मागितलं होतं. सोमवारचा आणि गुरुवारचा रोजा तिने वीस वर्षांत चुकवला नव्हता, आणि रोज्यात खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम होता.

“बू, कोण आहे इथे?” हेंद्रोंनी विचारलं.

“आम्ही मुलं आजोबा म्हणायचो.”

“तुमचे सख्खे?”

“नाही. डोंगरापलीकडून आले. माझ्या वडिलांबरोबर, दोन दिवस चालत. पायात काही नाही. पायात कधीच काही घातलं नाही त्यांनी.”

विनार्दीने खिशातून पेन काढलं. “खात काय होते, बू?”

“पाला. मांसमच्छीला कधी तोंड लावलं नाही. निजायचं ते जमिनीवरच.”

“आणि उपदेश वगैरे?”

“माझ्या कानांनी तरी एक शब्द ऐकला नाही.”

“मौन!” विनार्दी पुटपुटला आणि भराभर लिहू लागला.

पलीकडच्या वाफ्यात भात कापणाऱ्या म्हाताऱ्या बायका गप्प झाल्या होत्या. त्यांतल्या एकीला खोकल्याची उबळ आली. तिने डोक्याच्या फडक्यात तोंड खुपसलं.

“संसार?” हेंद्रोंनी विचारलं.

“नाही केला. आमच्या शेतातच राबले जन्मभर. मजुरी मागितली नाही.”

“चमत्कार बिमत्कार केला असेल की एखादा,” हेंद्रो जरा हसून म्हणाले.

बू सुमियात हसली नाही. “चमत्काराचं मला कळत नाही, पाक. मी आठ वर्षांची होते. नदी घरात शिरली. भाऊ तीन वर्षांचा, माझ्या गळ्याला मिठी मारून बसलेला. आम्हा दोघांना पाठीवर घेऊन त्यांनी पाणी कापलं. मधे एकदा फक्त त्यांचं नाक तेवढं वर दिसत होतं. पण आम्हाला पलीकडे काढलं. ते गेले तेव्हा बाबा पोरासारखे रडले.”

हेंद्रोंचं हसू मावळलं. त्यांनी कबरीच्या कडेने पावलं टाकून माप घेतलं. “एवढी मोठी?”

“थोरांच्या कबरी मोठ्याच असतात, साहेब,” विनार्दी म्हणाला.

“हलवता येईल का, बू?”

“मी तरी हात लावणार नाही. तुमची माणसं लावतील तर बघा.”

“माझी माणसं? कुदळ टाकून पळतील! मागे एका कबरीपायी सात महिने काम अडलं होतं. आणि सासूबाईंना कळलं तर मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत.” हेंद्रोंनी टोपी सारखी केली, वाकून दोन पाकळ्या वाहिल्या, डोळे मिटून दुवा मागितली. बू सुमियातने ओठ घट्ट मिटले आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

“नको,” हेंद्रो उठत म्हणाले. “झऱ्याची जागा सुरेख आहे, पण ही आपल्याला नको. तुमच्या भावाला मी कळवतो.”

गाडी वळणाआड गेली तसा विनार्दी बांधावरच बसला. “मीच लिहिलं आणि मीच गिऱ्हाईक घालवलं!”

“चांगलं लिहिलंस हो,” बू सुमियात मायेने म्हणाली. “संध्याकाळी ये घरी. केळ्याची भजी तळतेय.”

अजान झाली. कोमट गोड चहाचा पहिला घोट आज छातीपर्यंत उतरला. नमाज आटोपून ती मशिदीच्या पायरीवर बसली, तोच भावाचा, दार्योनोचा, फोन आला.

“ताई, ते हेंद्रो काय म्हणतायत? आपल्या शेतात कुठला सिद्धपुरुष?”

“पुरातून तुला-मला ज्यांनी पार नेलं, तेच.”

  दार्योनोने आवाज खाली आणला.

“त्यांना हलवायचं म्हणत होते?”

“हो.”

“मग राहू दे ती जमीन. पुन्हा विकायचं नाव काढणार नाही मी.”

बू सुमियातने डोळे मिटले.  तेवढ्यात पलीकडे दार्योनो खुदखुदायला लागला, मग हसू त्याला आवरेना.

“ताई, आठवतं? बाबांनी तो खड्डा दोनदा रुंद केला. शिंगं मावेनात म्हणून!”